दादांचं कोलेस्टेरॉल, तुमचा सीआरपी आणि पत्रातली एक ओळ

पत्र थोडक्यात : लेखिका 52 वर्षांच्या आहेत, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. मोठ्या भावाला 49व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. जीव वाचला, दोन स्टेंट बसले. 'दादाचं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं, सिगारेटही दिवसाला दोन-तीनच,' ही गोष्ट तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना छळते आहे. त्या धास्तीने लेखिकांनी स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. एलडीएल (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) 138, रक्तदाब 134/86, साखर ठीक आणि एचएस-सीआरपी (रक्तातून दाह मोजणारी तपासणी) 6.8, त्याच्यापुढे ठळक अक्षरात 'हाय रिस्क'. रक्त दिलं त्याच्या आधीच्या आठवड्यात ताप-खोकला होऊन गेला होता. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, सुचवलं. लेखिकांच्या वाचनात मात्र आलं आहे की कोलेस्टेरॉलची गोष्ट आता जुनी झाली, खरा गुन्हेगार शरीरातली सूज. त्या विचारतात : 'मग कोलेस्टेरॉलची गोळी आयुष्यभर कशाला घेऊ? सूजच उतरवते ना! तशीही बोटं दुखतात म्हणून आठ महिने डायक्लोफेनॅकची गोळी रोज घेतेच आहे, सकाळी तासभर मूठच वळत नाही. त्या गोळीनेही सूज उतरतेच, म्हणजे हृदयालाही फायदा होत असणार. कोल्चिसीन नावाचं औषध हृदयाची सूज कमी करतं म्हणे, ते मागून घेऊ का? नवरा म्हणतो, डॉक्टर सांगतात ते घे आणि विषय संपव.'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या प्रश्नासाठी, आणि दुसऱ्यांदा त्यातल्या एका ओळीसाठी, जी तुम्ही जाता जाता लिहून गेलात : 'सकाळी तासभर मूठच वळत नाही.' तिच्याकडे येतेच. पण आधी तुम्ही विचारलंय त्याचं बघू, नाहीतर म्हणाल, विचारलं एक आणि सांगतात दुसरंच.

सुरुवात 'सूज' या शब्दापासूनच करावी लागेल, कारण इथे मराठीत थोडी पंचाईत होते. संध्याकाळी पाय सुजतात, बोट दाबलं की खळगा पडतो, तीही सूज. ते पाणी साठणं असतं. आणि फोड लाल होतो, गरम लागतो, ठणकतो, तीही सूजच. ती दुसरी म्हणजे दाह, इन्फ्लमेशन. शरीराच्या संरक्षक पेशी एखाद्या जागी धावून जातात, तिथे जी धुमश्चक्री चालते ती. रक्तवाहिन्यांच्या बाबतीत आपण बोलतोय ते या दाहाबद्दल. फरक एवढाच की फोडाचा दाह दिसतो आणि दुखतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतला दाह वर्षानुवर्षं चालतो, पण ना दिसतो ना दुखतो. म्हणून तर त्याच्यासाठी रक्त तपासावं लागतं.

आता 'कोलेस्टेरॉल की दाह' हा प्रश्न. तुम्ही एकाला काढून दुसऱ्याला खुर्चीत बसवलंत, कारण तुम्ही जे वाचलंत त्यात तसंच मांडलं असणार. हा वाद तसा नवा नाही. रुडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1856च्या सुमाराला रक्तवाहिन्यांचा हा आजार मुळात दाहाचा आहे असं मांडलं होतं. 1913मध्ये निकोलाय अनिच्कोव्ह या रशियन संशोधकाने सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर जमलेले दाखवले. मग बराच काळ कोलेस्टेरॉलचं पारडं जड राहिलं आणि गेल्या तीसेक वर्षांत दाह पुन्हा चर्चेत आला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका पक्षाचं सरकार पडलं आणि दुसऱ्याचं आलं. प्रत्यक्षात दोघांचा संसार एकच आहे. कसा, ते जरा जवळ जाऊन बघू.

रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. एलडीएलचे कण त्या अस्तरातून भिंतीत शिरतात. रक्तात ते जितके जास्त आणि जितकी जास्त वर्षं, तितके अधिक शिरतात. काही तिथेच अडकतात, त्यांचं रूप बदलतं. शरीराला ते परके वाटायला लागतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात आणि हे कण खायला सुरुवात करतात. खाऊन खाऊन त्या चरबीने इतक्या टम्म फुगतात की सूक्ष्मदर्शकाखाली फेस भरल्यासारख्या दिसतात. 'फेसाळ पेशी' हे त्यांचं नावच पडलंय. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचे पेशीच्या आत स्फटिक होतात. ते स्फटिक पेशीला इजा करतात आणि पेशीतली धोक्याची यंत्रणा चालू होते. त्यातून इंटरल्युकिन-1-बीटा नावाचा रेणू बाहेर पडतो, तो इंटरल्युकिन-6ला उठवतो, इंटरल्युकिन-6चा निरोप यकृताला जातो, आणि यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे तुमचा सीआरपी, रक्तात सोडतं.

म्हणजे बघा, कोलेस्टेरॉलला हटवून ज्याला तुम्ही त्या जागी बसवताय, तो दाह बऱ्याच अंशी कोलेस्टेरॉलनेच पेटवलेला असतो. आणि पुढचं काम दाह करतो. भिंतीत साठलेल्या या गाळावर तंतूंचं एक झाकण असतं. दाहाने ते कुरतडलं जातं, पातळ होतं, आणि एके दिवशी फाटतं. आतला माल रक्ताला लागला की तिथे गुठळी होते. बहुतेक झटके असे येतात, नळी हळूहळू भरत जाऊन बंद पडली असं क्वचितच होतं.

तुमच्या दादांचं कोडंही इथे थोडं सुटतं. रिपोर्टवरचं 'नॉर्मल' म्हणजे पुष्कळांचं असतं तेवढं. त्याचा अर्थ 'पुरेसं कमी' असा होत नाही. अमेरिकेत हृदयविकाराने दाखल झालेल्या सुमारे 1 लाख 37 हजार रुग्णांची नोंद 2009मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातल्या जवळपास निम्म्यांचं एलडीएल दाखल होताना 100च्याही खाली होतं. आणि 'दोन-तीनच सिगारेटी' या 'च'वर माझा आक्षेप आहे. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो 20 ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो, असं 2018मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं. विसाव्या भागाइतका नव्हे, निम्मा! धुराने रक्तवाहिनीचं अस्तर बिघडतं आणि दाहही वाढतो. दादांनी अजून सोडली नसेल तर हे त्यांना वाचून दाखवा. भाषण देऊ नका, नुसतं वाचा.

आता तुमचा 6.8. सीआरपी पहिल्यांदा सापडला 1930मध्ये, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. यावरूनच त्याचा स्वभाव कळावा. तो हृदयाचा खास निरोप्या नाही. घसा बसला, दाढ सुजली, पायाला जखम झाली, कशानेही तो वर जातो. पोटावरची चरबी, सिगारेट, तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन, अपुरी झोप, यांनीही थोडा वर राहतो. हृदयाच्या दृष्टीने एचएस-सीआरपी 1च्या खाली असला तर कमी धोका, 1 ते 3 मधला, 3च्या वर जास्त, अशी विभागणी 2003पासून वापरात आहे. पण तिच्याबरोबर एक अट होती : माणूस बरा असताना दोनदा तपासावं, मध्ये साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत. 10च्या वर आला तर आधी जंतुसंसर्ग किंवा दुसरा आजार शोधावा. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ही अट गळून पडते आणि 'हाय रिस्क' तेवढं ठळक छापून येतं. तुम्ही तर ताप-खोकल्यानंतर आठवड्याभरात रक्त दिलंत. तेव्हा हा आकडा आधी पुन्हा बघायचा. (रिपोर्टवर एककही पाहा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर. दोघांत दहापटीचा फरक आहे आणि त्यापायी लोकांनी विनाकारण रात्री जागून काढल्या आहेत.)

पण समजा पुन्हाही वरच आला, तर? तर त्याकडे दुर्लक्ष करू नका, हेही सांगते. जवळपास 28 हजार स्त्रियांवर 30 वर्षं नजर ठेवलेला एक अभ्यास 2024मध्ये प्रसिद्ध झाला. सीआरपी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात असलेल्या स्त्रियांना, सर्वांत खालच्या हिश्श्याच्या तुलनेत, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटनांचा (झटका, पक्षाघात वगैरे) धोका 70 टक्के अधिक निघाला. एलडीएलसाठी हाच फरक 36 टक्के होता. तेव्हा सीआरपी चांगला साक्षीदार आहे, पण तो आरोपी नाही. काही लोकांच्या जनुकांमुळेच त्यांचा सीआरपी जन्मभर थोडा जास्त असतो, आणि त्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होतो असं आढळलं नाही. उलट इंटरल्युकिन-6चा निरोप जन्मतः थोडा दबलेला असणाऱ्यांना तो कमी होतो. त्यामुळे 'सीआरपी कसा उतरवू' या प्रश्नात फारसा दम नाही. 'तो कशाने चढलाय' हे विचारायला हवं.

आणि इथे ती तुमची ओळ येते.

सकाळी तासभर मूठ वळत नाही, हे आठ महिने. पत्रात तुम्ही 'बोटं' असं अनेकवचन वापरलंय, पण दोन्ही हातांची की एकाच, ते लिहिलेलं नाही. वयाने झिजलेले सांधेही सकाळी आखडतात, पण ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात, आणि बोटांत झीज असली तर ती जास्त करून नखाजवळच्या पेराला दिसते. तासभर किंवा त्याहून जास्त आखडणं, दोन्ही हातांच्या मुठीच्या गाठी, मधली पेरं, मनगटं, आणि दीड महिन्यापेक्षा जास्त काळ, हे चित्र असेल तर आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे का हे तपासायलाच हवं. तो स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो आणि तुमच्या वयात पुष्कळदा सुरू होतो. तुम्हाला तो आहे असं मी पत्र वाचून सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण 6.8चा उगम हृदयात न सापडता तुमच्या हातातच सापडला तर मला नवल वाटणार नाही.

याचा हृदयाशी संबंध नाही असंही नाही. आमवातात दाह सांध्यापुरता थांबत नाही, तेच रेणू रक्तातून सगळीकडे फिरतात. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी की अशा रुग्णाचा हृदयविकाराचा धोका नेहमीच्या तक्त्याने काढावा आणि वर त्याला दीडने गुणावं. शिवाय एक गंमत, खरं तर फसगत : दाह जोरात असताना कोलेस्टेरॉलचा आकडा खाली येतो. म्हणजे रिपोर्ट जरा बरा दिसतो आणि धोका मात्र वाढलेला असतो.

आता डायक्लोफेनॅक. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

'सूज उतरवणारी गोळी, म्हणून हृदयालाही बरी' हा तर्क ऐकायला अगदी सरळ आहे आणि तो साफ उलटा पडतो. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचे रेणू रोखतात, त्यामुळे दुखणं थांबतं. यकृताकडे जाणारा इंटरल्युकिन-6चा निरोप त्यांनी थांबत नाही, म्हणून रोज गोळी घेऊनही सीआरपी वरच राहू शकतो. दुसरीकडे, त्या जे रोखतात त्यातच रक्तवाहिनी सैल ठेवणारा आणि गुठळी होऊ न देणारा प्रोस्टासायक्लिन हा रेणूही असतो. रोफेकॉक्सिब हे याच कुळातलं औषध हृदयविकाराच्या धोक्यापायी 2004मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. 2013मध्ये शेकडो चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा डायक्लोफेनॅकच्या मोठ्या डोसनेही हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना सुमारे एक तृतीयांशाने वाढतात असं दिसलं. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, रक्तदाब चढवतात. तुमच्या 134/86 मध्ये गोळीचा वाटा असू शकतो. जठर आणि मूत्रपिंडं वेगळीच. ज्या गोळीला तुम्ही हृदयाची रखवालदार समजत होतात ती आठ महिने फितूर असू शकते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी एवढंच असतं तरी चाललं असतं, इथे बंबात पाण्याऐवजी थोडं तेल आहे.

दोन दिवस पाठ धरली म्हणून गोळी घेणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. प्रश्न रोज, महिनोन्महिने, कोणाला न विचारता घेण्याचा आहे. आणि एक सर्वांसाठी : हृदयासाठी रोज कमी डोसची अॅस्पिरिन चालू असेल तर तिच्या जोडीला नेमाने आयब्युप्रोफेन घेऊ नका, ती अॅस्पिरिनचं काम अडवू शकते.

मग स्टॅटिनचं काय? तुमचे डॉक्टर चुकलेत असं मला वाटत नाही. सख्ख्या भावाला 55च्या आत झटका, एलडीएल 138, आणि पुन्हाही वर आला तर सीआरपी. आणि ज्या गोळीला तुम्ही 'कोलेस्टेरॉलची' म्हणून बाजूला सारताय ती दाहही कमी करते. 2008च्या 'ज्युपिटर' चाचणीत 17,802 माणसं अशीच निवडली होती, ज्यांचं एलडीएल 130च्या खाली पण सीआरपी 2 किंवा त्याहून जास्त. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन, निम्म्यांना खोटी गोळी. गोळीवाल्यांत घटना 44 टक्क्यांनी कमी झाल्या. टक्केवारी ऐकून भुलायचं नाही म्हणून साधा हिशेब देते : खोट्या गोळीवर वर्षाला 1,000 माणसांमागे साधारण 14 घटना, खऱ्या गोळीवर 8. 'चमत्कार' म्हणण्याइतकं हे नाही, 'काही उपयोग नाही' म्हणण्याइतकंही नाही. घ्यायचं की नाही हे अजूनही दोलायमान वाटलं, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन करावा का, हे डॉक्टरांना विचारा. 'आयुष्यभर' हा शब्दही थोडा बाजूला ठेवा. तीन महिने घेऊन, आकडे बघून, पुन्हा बोलता येतं. फक्त सुरू करण्याआधी आज कुठे कुठे दुखतं ते लिहून ठेवा. नाहीतर आधीच दुखणाऱ्या बोटांचं खापर उद्या स्टॅटिनवर फुटेल.

निव्वळ दाह कमी केला तर फायदा होतो का, हे 2017च्या 'कॅन्टोस' चाचणीत तपासलं गेलं. आधी झटका येऊन गेलेले 10 हजारांवर रुग्ण, इंटरल्युकिन-1-बीटाला बांधून ठेवणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन, कोलेस्टेरॉल जसंच्या तसं. नव्या घटना सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे तुम्ही वाचलंत ते निराधार नव्हतं. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. दाह हा आपला राखणदारही आहे, त्याला सरसकट झोपवता येत नाही. शिवाय कुठलाही दाह, कुठल्याही औषधाने, असंही चालत नाही : मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या नेहमीच्या औषधाने आमवात नसलेल्या हृदयरुग्णांना काही फायदा झाला नाही.

कोल्चिसीन मागून घेऊ नका. 0.5 मिलिग्रॅमच्या डोसने 2019 आणि 2020च्या दोन मोठ्या चाचण्यांत चांगला परिणाम दिसला, 2024च्या त्याहून मोठ्या चाचणीत दिसला नाही. पण तिन्हींतले रुग्ण आधीच हृदयविकार असलेले होते. तो प्रश्न फार तर दादांनी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचा. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा काही विशिष्ट अँटिबायोटिक चालू असतील तर हे औषध अंगाशी येतं, तेव्हा त्यांनीही परस्पर घ्यायचं नाही.

नवरा म्हणतो, विषय संपव. त्यांची काळजी कळते, पण नुसती स्टॅटिन घेऊन हा विषय संपणार नाही, कारण हातांचा प्रश्न तसाच राहील. क्रम मी असा लावीन. याच आठवड्यात डॉक्टरांना डायक्लोफेनॅकबद्दल सांगा, मला वाटतं त्यांना ते माहीतच नाही. ती बंद केल्यावर दुखण्यासाठी काय घ्यायचं हेही त्यांनाच विचारा. संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर या तपासण्या ते सांगतील. आमवात निघालाच तर औषध जितक्या लवकर सुरू होईल तितके सांधे वाचतात. सर्दी-ताप नसताना एचएस-सीआरपी पुन्हा करा. गोळी बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्तदाबही पुन्हा बघा. लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) ही तपासणी तुमची आणि दादांचीही एकदा व्हायला हवी. तो बहुतांशी जनुकांवर ठरतो, नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात दिसत नाही आणि 'सगळं नॉर्मल होतं' म्हणणाऱ्या घरांत कधी कधी तोच निघतो. स्टॅटिनचा निर्णय या सगळ्यासाठी महिनाभर थांबला तर आभाळ कोसळत नाही, मात्र वर्षभर नको.

छातीत दाब, चालताना नव्याने धाप लागणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, यातलं काही झालं तर हा क्रम विसरायचा आणि तडक रुग्णालय गाठायचं. स्त्रियांत नुसती मळमळ, घाम आणि न समजणारा थकवा एवढंही असू शकतं.

एक अगदी साधी गोष्ट. तज्ज्ञांची वेळ बहुतेक दुपारची किंवा संध्याकाळची मिळेल आणि तोवर तुमची बोटं बऱ्यापैकी मोकळी झालेली असतील. मग तुम्हीच म्हणाल, आता तसं काही नाही. म्हणून उद्यापासून आठवडाभर उठल्या उठल्या घड्याळ बघा, पूर्ण मूठ वळायला किती मिनिटं लागली ते लिहा आणि दोन्ही हात उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढा. जमली तेवढीच मूठ वळलेला एक, आणि बोटं सरळ केलेला एक.